सूर्यास्तापूर्वीचे गोड

उन्हाळ्याची सुटी लागली की माहेरवाशिणी येतात, भाचरे येतात आणि एखाद्या रविवारी संपूर्ण गोतावळा एकत्र जमतो. अशा दिवशी पंगतीला गोड हवेच. परंतु त्यासाठी घरातील सुनेने भर दुपारी कढईपाशी उभे राहून घाम गाळावा आणि बैठकीतील गप्पांना मुकावे, हे योग्य नव्हे. ही अडचण स्लो कुकर बऱ्याच अंशी दूर करतो.

या पात्राचा इतिहास मनोरंजक आहे. शिकागोचे संशोधक आयर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये त्याचे पेटंट मिळाले. लिथुआनियात वाढलेल्या त्यांच्या आईने एक आठवण सांगितली होती. तेथील ज्यू कुटुंबे शुक्रवारी, सब्बाथचा सूर्यास्त होण्यापूर्वी, अन्नाचे भांडे बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवीत. त्या आठवणीतून नॅक्सन यांना ही कल्पना सुचली. पुढे १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने हे पात्र अमेरिकेत घरोघरी पोहोचले. तेथे सूर्यास्तापूर्वी भांडे चढविण्याची घाई असे. जैन घरात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची असते. म्हणूनच रात्रभर शिजवत ठेवण्याची या पात्राची प्रसिद्ध रीत येथे उपयोगाची नाही. सकाळी चढवावे, दुपारी उतरवावे आणि त्याच दिवशी संपवावे.

वेळेचा हिशेब शेवटाकडून मांडावा. मे महिन्यात मुंबई-पुण्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. त्याआधी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, जेवण आटोपायचे असेल तर पंगत साडेपाचला बसली पाहिजे. फळांना निवण्यास दोन-अडीच तास लागतात, शिजण्यास पावणेतीन. म्हणजे बाराच्या ठोक्याला पात्र सुरू झालेच पाहिजे.

बारा माणसांच्या अननस-आंब्याच्या गोडासाठी अननसाचे १ किलो व घट्ट पिकलेल्या तोतापुरी आंब्याचे ५०० ग्रॅम तुकडे घ्यावेत. हापूस शिजताना विरघळून जातो. फळे उजेडात नीट पाहून चिरावीत. अननस, १५० ग्रॅम साखर व चिमूटभर मीठ पात्रात घालून ‘हाय’वर दोन तास ठेवावे. पाणी मुळीच घालू नये; झाकणामुळे वाफ आत राहते व फळांचाच रस पुरतो. मधेच झाकण उघडल्यास ऊब जाते आणि वेळ वाढतो. दोन तासांनी आंबा घालून झाकण किंचित तिरपे ठेवावे व पाऊण तासात रस दाटू द्यावा. वेलची व भिजवलेले केशर अखेरीस घालावे, म्हणजे त्यांचा गंध टिकतो. आल्याची चव आवडत असेल तर चिमूटभर सुंठ पुरे.

नंतर फळे लगेच पसरट भांड्यात काढावीत. मातीचे जड पात्र बराच वेळ गरम राहते. मात्र तापलेले पात्र थंड पाण्याखाली धरू नये, तडा जातो.

वरचा खुसखुशीत चुरा पात्रात होत नाही, वाफेने तो ओला पडतो. २०० ग्रॅम जाडसर कणीक १०० ग्रॅम साजूक तुपात खमंग भाजावी, निवल्यावर ७५ ग्रॅम पिठीसाखर व काजूचे तुकडे मिसळावेत आणि वाढताना फळांवर घालावा. सोबत घट्ट चक्का द्यावा. दूध मात्र फळांबरोबर शिजवू नये. आंबटपणामुळे ते फाटते. परदेशी कृतींत सांगितलेल्या अंडी, मध वा जिलेटिन यांची येथे गरजच पडत नाही.

आर्द्रा नक्षत्र लागल्यावर, म्हणजे साधारण २२ जूनपासून, ज्या घरांत आंबा वर्ज्य होतो, तेथे आंब्याऐवजी नासपती घ्यावी. ती कडक असल्याने अननसाबरोबर आरंभीच घालावी.

माणसे मोजूनच प्रमाण ठरवावे, कारण उरलेले उद्यासाठी ठेवायचे नसते. भांडे वेळेत रिकामे झाले आणि ज्या हातांनी ते चढविले, तेही सर्वांबरोबर पंगतीत बसले, तर बेत साधला असे समजावे.