गेटापुरता कॅमेरा

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात लाइन बझारच्या बाजूला एका अपार्टमेंटच्या गेटावर 1.3 मेगापिक्सेलचा बुलेट कॅमेरा आहे. दहा वर्षं उन्हापावसात उभा. मागच्या महिन्यात तिथून एक मोटारसायकल चोरीला गेली आणि फुटेजमधला चोर पिठाच्या गिरणीतून चालत गेल्यासारखा दिसला. चेअरमननी फोन करून विचारलं, "सगळेच बदलून टाकूया काय?" शिडी लावून वर गेलो, तर इन्फ्रारेड दिव्यांपुढं कोळ्यानं पडदा विणलेला आणि काचेवर उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेल्या धुळीचा थर. ओल्या मऊ फडक्यानं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं समोरच्या घरातल्या आजींनी सांगितलं. शिडीखाली येऊन त्या म्हणाल्या, "आरं लेकरा, त्यो कॅमेरा आमच्या न्हाणीच्या दाराकडं कशाला बघतोय?"

स्क्रीनवर बघितलं. पाऊण चित्र रस्ता, समोरचं घर आणि त्यांचं परडं. गेट एका कोपऱ्यात.

ही आपल्या कॅमेरे बसवण्याच्या धंद्याची जुनी खोड. "अख्खा रस्ता दिसतोय की!" असं गिऱ्हाइकानं म्हटलं की आपल्यालाही बरं वाटतं, म्हणून 3.6 मिमीची लेन्स डोळे मिटून बसते. हिशेब करून बघा. अनोळखी माणूस चेहऱ्यानं ओळखायचा, तर आयईसी 62676-4 या मानकाच्या 2014 च्या आवृत्तीप्रमाणे मीटरभर रुंदीला 250 पिक्सेल लागतात. चित्राच्या 1280 पिक्सेल रुंदीला 250 नं भागलं की जेमतेम पाच मीटर रुंदी हाती येते. एक-तृतीयांश इंची सेन्सरवर 3.6 ची लेन्स असेल, तर कॅमेऱ्यापासून चार मीटरच्या आतच ही रुंदी संपते. त्यापलीकडचा माणूस म्हणजे शर्टाचा रंग. तिथंच 8 ची लेन्स घातली की तोच म्हातारा कॅमेरा साडेआठ मीटरवरचा चेहरा देतो. लेन्स काही शे रुपयांची. जुनी चिकटवलेली असते, घाई केली तर आटे जातात. आणि फोकस रात्री, इन्फ्रारेड चालू असताना करा, नाहीतर दिवसा केलेला रात्री सुटतो. बावड्यासारख्या नदीकाठच्या ओलीत झाकणाची रबर रिंगही बदलून टाकावी.

आम्ही 8 ची घातली. नजरेचा कोन 67 अंशांवरून 33 वर आला. गेट चित्रभर झालं आणि आजींची न्हाणी आपोआप बाहेर गेली. परड्याची एक पट्टी राहिली होती, ती प्रायव्हसी मास्कनं झाकली. मास्क कॅमेऱ्यातच लावायचा. नुसता रेकॉर्डरच्या (एनव्हीआर) पडद्यावर लावला, तर कॅमेऱ्याच्या थेट स्ट्रीममध्ये सगळं उघडंच राहण्याचा धोका असतो.

डिस्क लवकर भरू नये म्हणून कुणीतरी बिटरेट 512 केबीपीएसवर दाबला होता आणि वर फ्रेम सेकंदाला 25. फ्रेम 12 वर आणा, बिटरेट 2 एमबीपीएस द्या. दिवसाला 21.6 जीबी होतात. चार कॅमेऱ्यांना 1 टीबी अकरा दिवस पुरते. शटर 1/50 वर ठेवा. अंधार वाटला तर गेटावर एक दिवा लावायला सांगा. नॉइज रिडक्शन चढवलं की चालत्या माणसाचा चेहराच धुऊन निघतो.

चित्र सुधारलं, सुरक्षा उरली. 9 एप्रिल 2025 पासून नव्या कॅमेऱ्याला केंद्र सरकारची सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली आहे. भिंतीवर आधीच बसलेल्या कॅमेऱ्यांना हा नियम हात लावत नाही, त्यांची जबाबदारी आपल्यावर. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहात महिलांच्या तपासणीचं सीसीटीव्ही चित्रण टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत लातूरचा आणि सांगलीचा तरुण होता. सांगली इथून तासाभरावर. बातम्यांनुसार प्रसूतिगृहाच्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड होता 'ॲडमिन123'. तपासणीच्या खोलीत कॅमेरा बसवणाऱ्याचा हात थरथरला कसा नाही, हा प्रश्न मात्र पासवर्डच्या आधीचा आहे.

राउटरमधलं यूपीएनपी बंद करा, पोर्ट फॉरवर्ड काढा. जुन्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये गेटवे रिकामा ठेवला तर तो आपल्या नेटवर्कबाहेर बोलूच शकत नाही. घड्याळ एनव्हीआरकडून मिळवून द्या. मालक परगावाहून बघणार असेल तर व्हीपीएन. थोडी कुरकुर होते, होऊ द्या. ज्या कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलताच येत नाही, तो खाली उतरवा.

चोरी झाली की फुटेज पहिल्यांदा पोहोचतं ते गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथं चित्र दाबलं जातं, नंबरप्लेटचे आकडे पुसट होतात आणि शेजारच्या पोरीबाळींची चित्रं गावभर फिरतात. फुटेज कोर्टात पुरावा म्हणून द्यायचं, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्रात हॅश मूल्य लिहावं लागतं. ते मूळ निर्यात केलेल्या फाइलचं असतं. फॉरवर्ड होऊन आलेल्या फाइलशी जुळत नाही. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा वाद अशाच चित्रणाच्या प्रमाणपत्रावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2020 मध्ये न्यायालयानं तेव्हाच्या कायद्याखालचं प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. सीडी होत्या, चित्र होतं. अडलं ते कागदावर.

आता घरचं सांगतो. आमच्याही वहीत साठ गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड होता, दुकानाचं नाव आणि सुरू केल्याचं साल. दोन रविवार घालवून बदलत आणलेत. अजून नऊ उरलेत.