टँकर घ्या, पण विहीर बुजवू नका

नोव्हेंबर 2025 च्या पहिल्याच आठवड्यात दोन बातम्या आल्या. 2 तारखेला श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-3 प्रक्षेपकाने सुमारे 4400 किलो वजनाचा सीएमएस-03 हा दळणवळण उपग्रह अवकाशात नेला. नौदल त्याला जीसॅट-7आर म्हणते. 5 तारखेला महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि आम्हा बीडकरांच्या शेजारचे धाराशिव, इथल्या आडवळणाच्या गावांना आता आकाशातून इंटरनेट मिळायचे आहे. या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून एक प्रश्न हिरिरीने विचारला जातो: खासगी कंपनीचे हजारो उपग्रह डोक्यावर फिरत असताना नौदलाला स्वतःचा उपग्रह हवाच कशाला? त्याला तितक्याच तावातावाने दिले जाणारे उत्तर असे की, परक्या कंपनीची डिश युद्धनौकेच्या आसपासही फिरकता कामा नये. मला दोन्ही बाजू मान्य नाहीत. मात्र पहिली चूक जास्त घातक आहे, म्हणून तिचा समाचार आधी घ्यायला हवा.

त्याआधी घरच्याच एका आक्षेपाचे निरसन करतो. बीड जिल्ह्याला समुद्र नाही, मग इथल्या माणसाने यात कशाला पडावे? पण नौदलाचे दळणवळण किनाऱ्यापुरते नसते. पाणबुडीला पाण्याखाली उपग्रहाचा संदेश मिळत नाही, त्यासाठी अतिदीर्घ लहरींचे रेडिओ केंद्र लागते. असे एक केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे. दुसऱ्याची पायाभरणी ऑक्टोबर 2024 मध्ये झाली, ती तेलंगणातल्या विकाराबादला. आपल्यासारखाच तोही निजामाच्या राज्यातला भाग, आणि समुद्र तिथूनही शेकडो किलोमीटर लांब. शिवाय आष्टी-पाटोद्याच्या रस्त्यांवर पहाटे पळणाऱ्या पोरांतले काही ओडिशातल्या आयएनएस चिल्काला पोचतात आणि तिथून जहाजावर जातात. त्यांच्या जहाजाचा संपर्क कोणाच्या मर्जीवर चालतो, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

खासगीवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. नौदलाचा रुक्मिणी, म्हणजे जीसॅट-7, सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरून काम करतो, तर स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवरून. अंतर कमी म्हणून संदेशाला विलंब कमी, आणि उपग्रहांची संख्या मोठी म्हणून माहितीचा ओघही मोठा. रुक्मिणी 30 ऑगस्ट 2013 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून सुटला आणि त्याची जागा घेऊ शकेल असा उपग्रह बारा वर्षांनी गेला. या दिरंगाईवर टीका करणाऱ्याशी मी वाद घालणार नाही.

पण वेग जास्त आहे म्हणून हुकमत खासगी कंपनीच्या हाती द्यावी, असे ठरत नाही. 2022 मध्ये युक्रेनने सेवास्तोपोलच्या रशियन आरमारावर समुद्री ड्रोन सोडायचे ठरवले. क्रिमियाच्या किनाऱ्यावर स्टारलिंकची सेवा सुरू नव्हती, ती सुरू करण्याची युक्रेनची विनंती कंपनीच्या मालकाने फेटाळली. त्याचा निर्णय बरोबर की चूक, हा इथे मुद्दा नाही. एका देशाची नाविक मोहीम दुसऱ्या देशातल्या एका उद्योगपतीच्या होकारावर अडली, हा मुद्दा आहे.

त्याच वर्षी 24 फेब्रुवारीला, रशियाने आक्रमण केले त्याच दिवशी, व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट उपग्रहाच्या जाळ्यावर सायबर हल्ला झाला. युक्रेनचे सैन्य ते जाळे वापरत होते आणि युरोपातले सामान्य ग्राहकही तेच वापरत होते. हजारो मोडेम निकामी झाले आणि जर्मनीत सुमारे 5800 पवनचक्क्यांचे दूरनियंत्रण तुटले. बालाघाटच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरताना बघणाऱ्या बीडकराला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. सैन्य आणि नागरिक एकाच खासगी जाळ्यावर असले की शत्रूचा घाव दोघांवर बसतो.

आता दुसरी बाजू. व्यापारी उपग्रह नकोच, म्हणणाऱ्यांना इतिहास माहीत नसावा. रुक्मिणी येईपर्यंत खोल समुद्रातल्या आपल्या नौदलाचा आधार इन्मारसॅट ही उपग्रह यंत्रणाच होता, आणि ती यंत्रणा 1979 मध्ये उभी राहिली ती सगळ्या देशांच्या जहाजांच्या सुरक्षेसाठी. इराक युद्धात अमेरिकेसारख्या बलाढ्य सैन्यानेही उपग्रह दळणवळणाचा मोठा हिस्सा खासगी कंपन्यांकडून भाड्याने घेतला होता. युद्ध पेटले की मागणी इतकी वाढते की स्वतःचे उपग्रह पुरे पडत नाहीत.

बंदीने काय होते, हे 2023 मध्ये यूएसएस मँचेस्टर या अमेरिकी युद्धनौकेवर दिसले. जहाजावरच्या काही वरिष्ठ चीफ अधिकाऱ्यांनी गुपचूप स्टारलिंकची डिश उघड्या डेकवर बसवली, तिच्या वायफायला ‘स्टिंकी’ असे नाव दिले आणि ते कप्तानापासून कित्येक महिने लपवून ठेवले. अधिकृत यंत्रणा बसवायला आलेल्या कामगाराच्या नजरेला ती डिश पडली तेव्हा प्रकरण उघडकीस आले, लष्करी न्यायालयात गेले आणि पदावनतीवर संपले. प्रत्येक डिश लहरी सोडते आणि त्या लहरींवरून जहाजाचा ठावठिकाणा लागू शकतो. ज्या डिशची कप्तानाला खबरच नाही, ती बंद करण्याचा हुकूम तो देणार कसा? घरी बोलण्याची ओढ हुकमाने मरत नाही. अधिकृत सोय नसली की ती चोरवाट शोधते.

आमच्याकडे उन्हाळ्यात गावाला टँकर लागतो. टँकर येतो म्हणून शहाणा शेतकरी विहीर बुजवत नाही, आणि विहीर आहे म्हणून तहानलेल्या गावातून टँकर परतही पाठवत नाही. नौदलानेही असेच वागायला हवे. घरचे फोन, सुट्या भागांची मागणी, आजारी खलाशासाठी किनाऱ्यावरच्या डॉक्टरचा सल्ला, हे व्यापारी जाळ्यावर खुशाल जावे. हल्ल्याचा हुकूम, जहाजाची जागा, शस्त्रांची माहिती मात्र आपल्याच उपग्रहावरून जावी. आषाढातल्या अरबी समुद्रावर मुसळधार पावसात कू पट्ट्याच्या लहरी क्षीण होतात, यूएचएफ लहरी पावसातून पार होतात. रुक्मिणीवर हे दोन्ही पट्टे आहेत आणि त्यांच्या जोडीला एस व सी. अशी रचना गरज ओळखून होते, ती भाड्याने मिळेलच असे नाही.

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला जहाजे बांधायला घेतली तेव्हा पोर्तुगीज कारागीर रुई लेताव व्हिएगश आणि त्याची माणसे कामावर ठेवली होती. पोर्तुगीज सत्तेने त्यांना फितवले आणि 1659 मध्ये ते काम टाकून निघून गेले. आरमार मात्र थांबले नाही. परक्याचे कसब घेण्यात कमीपणा नव्हता आणि तो निघून गेल्यावर काम बंद पडेल, इतके परावलंबनही नव्हते.

नौदलाच्या 2014 च्या ट्रोपेक्स सरावात रुक्मिणीने सुमारे 60 जहाजे आणि 75 विमाने एका जाळ्यात जोडली होती. माझी मागणी अशी की, यापुढच्या प्रत्येक मोठ्या सरावात काही दिवस व्यापारी दुवे जाणूनबुजून तोडावेत आणि मग काही तास उपग्रहाचाही आधार काढून घ्यावा. कोणते जहाज मुके होते याची नोंद ठेवावी आणि पुढचा करार ती नोंद समोर ठेवूनच करावा. करार एकाच कंपनीशी नसावा, आणि त्यात न्यू स्पेस इंडियाच्या जीसॅट-एन2 सारख्या भारतीय व्यापारी उपग्रहांना आधी विचारावे. सीएमएस-03 च्या जागी येणाऱ्या उपग्रहाची तरतूद तो म्हातारा होण्याची वाट न बघता आताच्याच अर्थसंकल्पांत सुरू करावी.