बाळाशी कोणत्या भाषेत बोलायचं?



हल्ली आपल्या घरांत बाळ आलं की बारशाच्या आत एक नियम ठरतो: बाळाशी इंग्लिशमध्येच बोलायचं. मग आजी गप्प होते. तिला इंग्लिश येत नाही आणि तिची मराठी म्हणे हिंगोलीकडची, बाळाला ती सवय नको. मारवाडी बोलणाऱ्या घरांतही हेच. माझ्या ओळखीच्या एका घरी आजीला सरळ सांगितलंय, "आई, तुम्ही बोलू नका, नुसतं खेळवा." मला हे अजिबात पटत नाही.

मी बी.कॉम., मानसशास्त्र काही शिकले नाही. पण जमाखर्च कळतो. बाळाच्या वहीत बरेच महिने नुसती जमा होत असते. ते बोलत नाही म्हणून त्याला काही कळत नाही असं आपण धरून चालतो, पण "दिवा कुठंय?" म्हटलं की मान वर जाते, आणि 'दिवा' हा शब्द तोंडातून यायला अजून कितीतरी अवकाश असतो.

कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तपासणीला घेतले ते चक्क हिंदीतले 'त' आणि 'ट'. इंग्लिश बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी अगदी थोड्यांनाच आला. म्हणजे बाळ जन्मतः जगातल्या कुठल्याही भाषेसाठी तयार असतं आणि वर्षभरात आपल्या घरच्या आवाजांवर कान पक्का करतं. आपला 'ळ' घ्या. बाळ, डोळा, केळं हे सगळं ज्या वयात कानावर पडायचं, त्याच वयात आपण त्याच्या आजीला गप्प बसवतो!

बरं, आजीऐवजी देतो काय, तर मोबाइल. "त्यात इंग्लिश गाणी आहेत, आपोआप शिकेल." अमेरिकेत पॅट्रिशिया कुल यांनी 2003 साली हेच तपासलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी काही आठवडे चिनी बोलणारी माणसं खेळली, पुस्तकं दाखवत बोलली. त्या बाळांना चिनी आवाजांतले फरक ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. ती काहीच शिकली नाहीत. कारण टीव्ही उत्तर देत नाही. बाळ "अ‍ॅ" म्हणालं की आजी "काय गं बाई, भूक लागली?" म्हणते, बाळ परत काहीतरी म्हणतं, आजी परत. या देवाणघेवाणीत भाषा तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन मुळीच नको.

आणि मूल फक्त पोपटपंची करत नाही हो, ते विचार करतं. घरात सगळे 'केलं' म्हणतात, तरी अडीच वर्षांचं पोर म्हणतं "मी करलं". हे त्याला कोणी शिकवलं? कोणीच नाही. बसलं, पडलं, धरलं यांवरून त्याने स्वतः नियम काढला. दिवसभर आई-आजीजवळ असणारा मुलगा "मी येते" म्हणतो आणि आपण हसतो, पण त्याचंही गणित बरोबरच असतं. असा विचार करायला मुलाला भरपूर आणि सहज बोलणं ऐकावं लागतं. "वॉटर पी", "शूज घाल" एवढ्याच तुकड्यांवर ते कुठला नियम काढणार? आईला इंग्लिश खरंच सहज येत असेल तर तिने खुशाल बोलावं. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही, थोडी सरमिसळ करतं आणि मग आपोआप निवडतं. पण जिला इंग्लिशमध्ये रागावताही येत नाही, तिने त्या भाषेत लाड कसे करायचे?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण होते. 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येईनात तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, अंगणवाडी हे नाव तिथलंच. महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, शंख-शिंपले वापरले. आपल्याकडे काय कमी आहे? तुरीच्या शेंगा सोलताना बाळाला जवळ बसवा. किती दाणे निघाले, हा हिरवा, हा किडका, अळी आहे, तिला हळूच बाहेर सोडू या. मोजणं, रंग, दया, सगळं एका टोपलीत. 'ए फॉर अ‍ॅपल'चा तक्ता भिंतीवर राहू द्या, तो कुठे पळून जात नाही.

एका शाळेने प्रवेशाच्या वेळी पालकांना घरी इंग्लिशच बोला असं सांगितल्याचं कानावर आलं. सूनबाईंनो, अशा वेळी त्यांना विचारा की 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं लिहिलंय, ते तुम्ही वाचलंय का? शाळा इंग्लिश माध्यमाची असू दे, माझी तक्रार नाही. पण माझ्या स्वयंपाकघराचं माध्यम शाळा ठरवणार नाही.

एक गोष्ट मात्र सासूबाईंसाठी. दीड वर्षाचं होऊनही मूल एकही शब्द बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर "याचा बापही उशिराच बोलला" म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सून म्हणत असेल दाखवू या, तर तिच्यासोबत तुम्हीही जा.