निळ्या दिव्याखालचा भाव

होली ग्रेल, ड्रॅगन सोल, अटर केऑस, वॉल्ट डिस्ने. ही प्रवाळांच्या जातींची नावं नाहीत, विकण्यासाठी ठेवलेली रंगांची नावं आहेत. पहिलं टॉर्च प्रवाळाचं, दुसरं फेव्हियाचं, तिसरं झोअँथिडचं आणि चौथं अ‍ॅक्रोपोराचं. घरी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारे अमेरिकेतले मराठी वाचक मला फोटो पाठवतात आणि विचारतात, हा खरा होली ग्रेल आहे का, मागितलेली किंमत द्यावी का? बोटाच्या पेराएवढा तुकडा, ज्याला तिथे फ्रॅग म्हणतात, नावाच्या जोरावर साध्या टॉर्चच्या कितीतरी पट भावाने जातो. माझं मत ठाम आहे. निव्वळ नावाला पैसे देऊ नका, आणि निळ्या दिव्याखाली दिसलेल्या रंगाला तर मुळीच देऊ नका.

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते तपकिरी असतं, आणि बहुतेक प्रवाळांचा पायाभूत रंग तोच. त्यावर हिरवा, डाळिंबी, जांभळा चढतो तो प्रवाळाने स्वतः तयार केलेल्या प्रथिनांमुळे. यातली काही प्रथिनं निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. १९९९ मध्ये रशियन संशोधकांनी डिस्कोसोमामधून असंच लाल चमकणारं प्रथिन वेगळं केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींवर खूण करायला ते वापरतात. हे डिस्कोसोमा म्हणजे टँकवाल्यांचं साधं मशरूम प्रवाळ. विक्रेते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे निळे एलईडी लावतात ते या प्रथिनांना पेटवण्यासाठीच. त्या उजेडात शेवाळी टॉर्चही पोपटी होऊन झळाळतो, आणि मोबाइलचा कॅमेरा त्यात आणखी भर घालतो. साडी घेताना आपण ती दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन पाहतो. प्रवाळही तसंच पाहा. विक्रेत्याला पांढरा दिवा लावायला सांगा. तो नाही म्हणाला तर तिथून निघा.

रंग कायमचा नसतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. ट्रॅकिफिलिया हे टँकमध्ये हौसेने पाळलं जाणारं मेंदूसारखं प्रवाळ. २००२ मध्ये जपानी संशोधक अत्सुशी मियावाकी यांच्या गटाने त्यातल्या काएदे नावाच्या प्रथिनाची माहिती प्रसिद्ध केली. टेबलावर उन्हात राहिलेल्या नळीतलं हिरवं प्रथिन लाल झालेलं त्यांना दिसलं होतं. अतिनील किंवा जांभळ्या प्रकाशाने तो बदल होतो आणि पुन्हा मागे फिरत नाही. म्हणजे प्रवाळाच्या अंगावरचा रंग बऱ्याचदा आजवर मिळालेल्या उजेडावरही ठरतो. तुमच्या टँकमधला उजेड वेगळा, पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट वेगळं. ती पोषकं फार वाढली की अ‍ॅक्रोपोरा तपकिरी पडतो, पार संपली की फिकटतो. विकत घेतलेला गुलबक्षी रंग सहा महिन्यांनी तसाच राहील, याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती झगमगीत पण आजारी प्रवाळाची. साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं, की ताणामुळे शैवाल निघून जाऊ लागलं की प्रवाळाच्या अंगात उजेड वाढतो आणि त्यापासून बचाव म्हणून काही प्रवाळ रंगीत प्रथिनं भरमसाट बनवतात. दुकानात ‘निऑन’ किंवा ‘पेस्टल’ म्हणून पुढे केलेला तुकडा अशाच धडपडीत असू शकतो. त्याच्या शेजारी प्रवासाने मलूल झालेला, मळकट पण मांसल तुकडा असेल तर मी तो घेईन. चांगल्या उजेडात, स्थिर पाण्यात तो काही महिन्यांत रंग धरतो.

ओळख पटवायची ती आकारावरून. टॉर्चचं प्रत्येक शुंडक लांब, सरळ आणि टोकाला गोल असतं. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या हॅमर प्रवाळाची टोकं हातोडीसारखी किंवा नांगरासारखी, फ्रॉगस्पॉन प्रवाळाची फुटवे फुटलेली. हॅमर आणि फ्रॉगस्पॉनचे नुसते सांगाडे ठेवले तर जाणकारालाही फरक सांगता येत नाही, म्हणून शुंडकं पूर्ण फुललेली असतानाच पाहा. मांस बुडापाशी मागे सरकून पांढरा सांगाडा उघडा पडलाय का, तपकिरी चिकट जेली दिसतेय का, तुकडा ठोकळ्यावर पसरून रुजलाय की कालच कापून चिकटवलाय, हे पाहिल्याशिवाय भावाची बोलणी करू नका.

ऑर्किडच्या संकरांची नोंदवही लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते. प्रवाळांच्या या नावांची अशी नोंद कुठेच नाही. त्यामुळे नावाला अर्थ येतो तो वंशावळीने. फ्लोरिडातल्या ओआरए या प्रवाळशेतीचा ‘रेड प्लॅनेट’ हा टँकमध्येच वाढवून, कापून पुढे विकलेला अ‍ॅक्रोपोरा. असं मूळ सांगता येत असेल, मातृ-वसाहतीचा पांढऱ्या उजेडातला फोटो मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे देणं मला पटतं. शिवाय त्या तुकड्यासाठी समुद्रातला खडक फोडावा लागलेला नसतो.

हे सगळं परदेशातल्या वाचकांसाठी. महाराष्ट्रातल्या वाचकांना यातलं बरंचसं लागू नाही, कारण आपल्याकडे सर्व कठीण प्रवाळ आणि समुद्री पंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच मालवणच्या पाण्यातल्या प्रवाळाला. वर सांगितलेले टॉर्च, हॅमर, अ‍ॅक्रोपोरा, ट्रॅकिफिलिया हे सगळे कठीण प्रवाळच. मुंबई-पुण्यात कोणी ते विकायला ठेवले तर रंग कितीही मोहक असो, घेऊ नका. आणि सुट्टीला येताना भावासाठी पिशवीत एखादा फ्रॅग आणावा असं वाटणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की हे प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. परवान्याशिवाय त्यांना कोणत्याही देशाची सीमा ओलांडता येत नाही.