एकच हात

गेल्या महिन्यांत हिंगोलीस आमच्या घरीं नातू ‘टिंकल’मधील सुप्पंदीच्या गोष्टी वाचून खदखदां हंसत होता. “हा पोरकटपणा ठेव आणि ‘अमर चित्र कथे’तला कृष्ण वाच,” असें मीं त्यास दरडावलें. मागाहून कळलें, कीं दोहोंचीं चित्रें एकाच हातचीं!

1967 सालीं निघालेल्या या मालेंतील ‘कृष्ण’ अनंत पै यांनीं लिहिला व राम वाईरकर यांनीं रेखाटला. 1983 सालीं, तिरुचीच्या एका वाचकानें पाठविलेल्या लोककथांतील वेंधळ्या नोकरास निमुळतें डोकें व वर केसांचा झुबका त्यांनींच दिला. 2003 सालीं ते वारले. त्यानंतर त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर सुप्पंदी रेखाटूं लागल्या.

विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्र सांगतें, कीं राहत्या घरांत शृंगार, हास्य व शांत याच रसांचीं चित्रें असावींत. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मला हास्याचा हा मान स्मरूं नये!

नातवाजवळ मीं चूक कबूल केली. आतां पुस्तक उघडतांच आम्ही दोघे आधीं चित्रकाराचें नांव शोधतों. वाचकांनींहि मुलांस ही संवय लावावी.