अंडं उकडावं ज्याच्या त्याच्या आवडीनं

"अंडी उकडायला काय शिकायचं? पाण्यात टाकायची, गॅस पेटवायचा आणि दुसऱ्या कामाला लागायचं!" असं बऱ्याच जणी म्हणतील. पण बिघडतं ते नेमकं तिथंच. दुसऱ्या कामात वीस मिनिटं कशी निघून जातात ते कळत नाही. मग अंडं सोलावं तर पांढरा भाग रबरासारखा, बलक कोरडा ठणठणीत आणि त्याच्याभोवती हिरवट-करडी कड. मुलं बलक ताटात तसाच टाकून उठतात आणि आपण म्हणतो, "आमच्याकडे अंडं कुणी आवडीनं खातच नाही." मैत्रिणींनो, त्यांना अंडं आवडत नाही असं नसतं, असं उकडलेलं अंडं आवडत नाही.

ती हिरवट कड विषारी वगैरे नसते बरं का. अंडं फार वेळ उकळलं की पांढऱ्या भागातून गंधकाचा वायू सुटतो. त्याचा बलकातल्या लोहाशी संयोग झाला की ती कड धरते. अंड्याला उग्र वास येतो तोही याच वायूचा. सासूबाईंना वास सहन होत नाही म्हणून ज्यांच्याकडे अंड्याचं पातेलं गॅलरीत जातं, त्यांनी तर घड्याळ जरूर लावावं. वेळेवर उतरवलेल्या अंड्याला वास पुष्कळच कमी येतो.

पांढरा भाग साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला धरायला लागतो आणि बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. आच बाहेरून आत जाते, म्हणून आधी पांढरा भाग शिजतो आणि मग बलक. अंडं कधी बाहेर काढायचं, एवढंच काय ते आपल्या हातात असतं.

आता कृती. अंडी फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून ठेवा. पातेल्यात अंडी बुडून वर इंचभर राहील इतकं पाणी घ्या आणि त्याला चांगली उकळी येऊ द्या. आच मध्यम करून पळीनं एकेक अंडं अलगद सोडा. खळखळ उकळत्या पाण्यात अंडी एकमेकांवर आपटून तडकतात. पाण्यात चमचाभर मीठ घातलं तर तडकलेल्या अंड्यातला पांढरा भाग लवकर धरतो, फारसा पसरत नाही. अंडी पाण्यात पडली की घड्याळ पाहा. आता तर मोबाईलचा गजरही हाताशी असतो.

मध्यम आकाराच्या अंड्यासाठी हा हिशेब ध्यानात ठेवा:

६ मिनिटं – पांढरा भाग धरलेला, बलक पातळ. टोस्टबरोबर खाणाऱ्यांसाठी.
८ मिनिटं – बलक कडेनं धरलेला, मधे मऊ आणि ओलसर. मीठ-मिरपूड लावून खायला छान.
१० मिनिटं – बलक जवळजवळ घट्ट, पण कोरडा नाही.
१२ मिनिटं – पूर्ण घट्ट. डब्यासाठी आणि रश्शासाठी.

गावरान अंडं लहान असेल तर एक मिनिट कमी धरा. अंडं थेट फ्रिजमधून काढलं असेल तर एक मिनिट जास्त. महाबळेश्वरला राहणाऱ्या भगिनींनी आणखी एखाद-दोन मिनिटं द्यावीत. तिथं उंचीमुळे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.

वेळ झाली की अंडी लगेच गार पाण्यात टाका. नुसता गॅस बंद करून भागत नाही. अंडं आतल्या उष्णतेवर शिजतच राहतं.

घरात चौघांच्या चार तऱ्हा असतात. त्यासाठी चार वेळा पातेलं चढवायला नको. अंड्यांवर पेन्सिलीनं ६, ८, १२ असे आकडे घाला, सगळी एकदम सोडा आणि ज्याची वेळ होईल ते झाऱ्यानं उचला.

सोलताना टरफलाबरोबर पांढऱ्याचे लचके निघतात, अशी तक्रार नेहमीची. अगदी ताजं अंडं तसंच करतं. चार-सहा दिवस झालेलं अंडं सहज सोलतं, म्हणून उकडायला थोडी जुनी अंडी घ्या आणि ताजी पोळ्याला ठेवा. अंडं ओट्यावर गोल फिरवून टरफल सगळीकडून तडकवा आणि बोथट टोकाकडून पाण्याखाली सोला.

दोन गोष्टी मात्र करू नका. सालासकट अंडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. आत वाफ कोंडून ते फुटतं, कधी कधी बाहेर काढल्यावर हातात किंवा तोंडाशी. आणि उकडलेली अंडी दिवसभर ओट्यावर ठेवू नका. दोन तासांच्या आत खा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. सालासकट ती तिथं आठवडाभर टिकतात.

आवडीलाही एक मर्यादा आहे. अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि ते पातळ बलकात जगू शकतात. म्हणून गरोदर बायका, लहान मुलं, वृद्ध आणि आजारातून उठलेली माणसं यांना १२ मिनिटांचं, पूर्ण घट्ट बलकाचंच अंडं द्या. इथं कुणाचाही हट्ट चालवू नका. मात्र "अंडं उष्ण पडतं" म्हणून गरोदर सुनेला किंवा वयात आलेल्या मुलीला ते नाकारूही नका. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि या दोघींना त्यांची गरज घरातल्या इतरांहून कमी नाही.

आता शेवटचं विचारते. यांना ८ मिनिटांचं लागतं, धाकट्याला १२ चं, हे तुम्ही झोपेतही सांगाल. पण तुम्हाला स्वतःला कसं आवडतं? बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला तडकलेलं, नाहीतर उरलेलं अंडं येतं, आणि पुष्कळदा अंडी मोजताना ती स्वतःला धरतच नाही. या रविवारी अंडी पाण्यात सोडाल तेव्हा एक जास्त सोडा. त्यावर तुमच्या आवडीचा आकडा घाला आणि सगळ्यांबरोबर बसून ते गरम असतानाच खा.