सोसायटीचा नियम दाखवा

एजंट म्हणाला, "सर, तुमचं मराठी ऐकून वाटलंच नाही." चिपळूणकडच्या माणसाचं मराठी ऐकून त्याला काय वाटायला हवं होतं, हे मी विचारलं नाही. टोकन जीपेवर परत आलं होतं आणि मला ऑफिस गाठायचं होतं.

घर ठाणे स्टेशनपासून पायी आठ मिनिटांवर. वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. नोकरी ऐरोलीला, म्हणजे ठाण्याहून ट्रान्सहार्बरने दुसरं स्टेशन. घरमालक काकूंनी चहा पाजला, डिपॉझिट ठरलं. मग मी आधार कार्ड पाठवलं. संध्याकाळी काकूंचा फोन: "मला काही अडचण नाही हो, पण सोसायटीचा नियम आहे." एजंटकडे पर्याय तयार होता: राबोडीत बघू, नाहीतर मुंब्रा आहेच की!

मुंब्रा आहेच. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं तिथे येऊन राहिली. मीही तिथेच राहतो. रोज सकाळी दारात लटकून ठाण्याला उतरतो आणि तिथून ऐरोलीची गाडी धरतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्याच वळणावर गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवासी मेले. स्टेशनजवळचं घर मी चैन म्हणून शोधत नव्हतो.

आता त्या नियमाबद्दल. घरमालकाने भाडेकरू कुणाला ठेवावं यावर कायद्याचा फारसा लगाम नाही, हे आधी मान्य करू. घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते आहेत. भाड्याचं घर नाही. २००५ साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याची मुभा दिली, हेही खरं. पण ती मुभा नोंदवलेल्या उपविधीला होती, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या कुजबुजीला नव्हती. महाराष्ट्राच्या नमुना उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला कळवायचं असतं, पूर्वपरवानगी लागत नाही. मग कमिटीने नाही म्हटलं ते कशाच्या जोरावर? आणि कमिटीने खरंच म्हटलं, की काकूच तिच्याआड लपल्या? लेखी मागितल्याशिवाय हे कळत नाही, आणि आपण कधीच लेखी मागत नाही.

उलट आपण युक्त्या शोधतो. मित्र सांगतात, अ‍ॅग्रीमेंट ऑफिसातल्या एखाद्या हिंदू मित्राच्या नावावर कर. घरात मटण शिजत नाही म्हणून सांग. अरे, शिजतं! मीच शिजवतो, आणि बरं शिजवतो. असं खोटं बोलून मिळवलेल्या घरात दर ईदला खिडक्या लावून बसायचं?

आणि मित्रांनो, आपल्याही इमारतींत एकट्या बाईला, तलाक झालेल्या बहिणीला घर विचारायला पाठवून बघा. तिथेही "कमिटीचा नियम" निघतो. कागद तिथेही कुणी दाखवत नाही. तिच्यासाठी तो मागायला आपल्यातला कोण उठला होता?

त्या ठाण्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी ईमेल केली आहे: मला नाकारणारा उपविधी कितव्या क्रमांकाचा, आणि तो कोणत्या सर्वसाधारण सभेत मंजूर झाला? आज अठरावा दिवस. पुढची ईमेल सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांना जाईल. तिचा मसुदा काल लोकलमध्ये, एका हाताने दांडी धरून टाइप केला.